तुमच्या घराला कोणतं मांजर मानवलं? अनुभव सांगा

शेवंती
खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पर्शियन पिल्लू आणलंय. लेक तेव्हापासून त्यांच्याच घरी मुक्कामाला. काल जेवताना "आई आपणपण" सुरू झालं आणि मला एकदम चिपळूणच्या आजोळची भाटी आठवली. करडी, पट्ट्यापट्ट्यांची. भाताच्या कणगीपाशी उंदीर झाले म्हणून आजोबांनी पलीकडच्या वाडीतून पिशवीत घालून आणली होती. जातबीत कुणी बघितली नाही. "आई उंदीरमार आहे ना?" एवढीच चौकशी. चुलीमागची जागा तिची. तिला अंथरुणात घ्यायचं नाही हा आजीचा दंडक, आणि तो मोडायचीही आजीच.

आता आमचं घर: ठाणे, सातवा मजला, नवरा नऊ ते नऊ बाहेर, मी घरून काम करते, लेक आठ वर्षांची, सासूबाईंना दमा, एसी एकाच खोलीत. दुकानदार म्हणतो डॉल फेस पर्शियन घ्या, भाऊ म्हणतो सयामी घे, नवरा म्हणतो मासे पाळू.

तर तुमच्याकडे कोणतं आहे/होतं, का घेतलं आणि घराला मानवलं का, लिहा. फोटो हवेतच.

बोक्याची मावशी
फोटो नंतर, कुकर लावलाय. पर्शियन आहे. रोज विंचरावं लागतं. रोज म्हणजे रोज. दोन दिवस गेले की काखेत आणि पोटाखाली गुठळ्या. त्या कात्रीने कापायला जाऊ नका, कातडी पातळ असते, खेचली जाऊन चिरते. वेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, मशीन लावून काढतात. डोळ्यांतून पाणी येतं, ते ओल्या कापसाने सकाळ-संध्याकाळ पुसायचं. उन्हाळ्यात लायन कट (मानेची आयाळ ठेवून बाकी अंग भादरतात) करतो, मग साहेब चार दिवस कपाटामागे रुसून.
डॉल फेस बरा हे खरं, पंच फेसचं नाक इतकं आत असतं की उकाड्यात श्वासाला त्रास. पण घेताना आईबापांची पीकेडीची जीन टेस्ट झालीय का विचारा. किडनीत पाण्याच्या गाठी होतात, आणि हा आजार दोघांपैकी एकाकडूनही पिल्लात उतरतो. विचारल्यावर दुकानदाराचं तोंड बघा, तिथेच उत्तर मिळतं.

टवाळ
नवरा बाहेर, सासूबाईंना दमा, लेक आठची. मांजराला विचारलंय का कुणी, त्याला हे घर चालेल का?

शेवंती
@टवाळ, मुलाखत ठेवतो. कांदेपोहे की सुकट, ते ठरायचंय.

घाटमाथा
सयामी. ओरडते. म्हणजे ओरडतेच. भूक लागली, पोट भरलं, दार बंद, दार उघडं, सगळ्याची तक्रार, तीही तान्ह्या बाळाच्या आवाजात. बाबा रिटायर झालेले, त्यांना दिवसभर बोलायला कुणीतरी हवं होतं आणि तिलाही, म्हणून निभावलं. मीटिंगा असणाऱ्यांनी शंभरदा विचार करा.
गंमत म्हणजे ही पिल्लं जन्मतात पांढरी. रंग बनवणारं एन्झाइम फक्त अंगाच्या थंड भागात काम करतं, म्हणून कान, तोंड, पाय, शेपूट नंतर काळी पडतात. नाशिकच्या थंडीत आमची आणखी गडद झाली तर बाबा दुकानदाराशी भांडायला निघाले होते, रंग दिलाय म्हणून.

अंजिरी
दम्याबद्दल कुणी बोलत नाहीये म्हणून लिहिते, मला स्वतःला ॲलर्जी आहे. त्रास केसांचा नसतो, फेल डी १ नावाच्या प्रथिनाचा असतो. ते लाळेत आणि कातडीतल्या तेलाच्या ग्रंथींत असतं. मांजर अंग चाटतं, ते वाळतं, हवेत उडतं. त्यामुळे बिनकेसाच्या स्फिंक्सनेही शिंका येतात. "हायपोॲलर्जेनिक आहे मॅडम" म्हणून जास्त पैसे मागतात, भुलू नका. नसबंदीचं ऑपरेशन न केलेल्या बोक्यात ते सहसा जास्त, भाटीत कमी, पण जातीपेक्षा मांजरामांजरात फरक मोठा. सासूबाईंच्या छातीच्या डॉक्टरांना आधी विचारा. ते हो म्हणाले तर पंप जवळ ठेवून त्यांना खालच्या काकूंकडे चार-पाच वेळा तासभर बसवा.

निगरगट्ट
सासूबाईंना चार-पाच वेळा खाली बसवा, हा सल्ला मी जपून ठेवलाय. आमच्याकडे मांजर नसलं तरी.

वेंगुर्लेकर
पैसे देऊन मांजर?? आमच्याकडे रात्री पिशवीत घालून दुसऱ्याच्या परड्यात सोडतात. कोळणीने टोपली टेकायच्या आत अख्खी फौज हजर. एकाला पण विंचरलेलं नाही.

सईची आई
@वेंगुर्लेकर, धाग्याशी संबंध नाही, पण सुकट पावसाळ्यात कशी टिकवता? माझी दरवर्षी मऊ पडते.

वेंगुर्लेकर
मे महिन्यात कडकडीत वाळवायची, काचेची बरणी, वर घट्ट झाकण. आणि बरणी मांजराला दिसेल अशी ठेवायची नाही.

पेठेतली
आमचं घर शाकाहारी. आईचं म्हणणं होतं दूध-पोळीवर वाढेल. नाही वाढत हो. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांसातूनच मिळतं, कमी पडलं तर दृष्टी जाते, हृदय बिघडतं. आणि गाईचं दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, ढाळ लागतात. शेवटी तह असा: कोरड्या खाण्याची पिशवी बाल्कनीत, वाटी वेगळी, आणि त्या वेळी आई देवघरात. जात निवडण्याआधी ताटात काय पडणार ते घरात ठरवा, भांडण तिथे होतं.

मृद्गंध
लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूची वाळू, कोण काढणार तेही ठरवा. मला दिवस गेले तेव्हा सगळे म्हणाले मांजर सोडून या. डॉक्टर म्हणाल्या, गरज नाही, फक्त लिटर नवऱ्याला काढू दे, आणि रोजच्या रोज. विष्ठेतून टॉक्सोची (पोटातल्या बाळाला बाधू शकणारा परजीवी) अंडी पडली तरी ती संसर्गजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात. लेक सहावीत गेली, नवरा अजून काढतोय. त्याला अजून सांगितलेलं नाही.

निगरगट्ट
वहिनी, तुम्हाला दंडवत.

इसारकाठी
म्युनिकहून. इथे टियरहाइममधून घेतलं, म्हणजे प्राण्यांचं अनाथालय. घर केवढं, घरमालकाची परवानगी, बाल्कनीला जाळी, सगळं विचारलं. पिल्लू एकटं द्यायला तयार नाहीत, जोडी न्या म्हणाले. म्हणून आम्ही मोठी, सहा वर्षांची घेतली, कुणीतरी सोडून गेलेली. तिच्या कागदावरच लिहिलेलं: मुलं चालतात, कुत्रे नाहीत, मांडीवर बसत नाही. अक्षरशः तशीच आहे. जातीवरून एवढं कुणी सांगू शकलं नसतं.
आणि स्कॉटिश फोल्ड रील्स बघून मागू नका प्लीज. १९६१ मध्ये स्कॉटलंडला पर्थशायरच्या एका शेतावर सूझी नावाची मांजरी सापडली, तिच्यापासून ही जात निघाली. कान दुमडतात कारण कूर्चेत दोष असतो, आणि तोच दोष सांध्यांत असतो. गोंडस बसलंय वाटतं, ते दुखतंय म्हणून तसं बसलेलं असू शकतं. नेदरलँड्समध्ये पैदाशीला बंदी आहे.

किनखाप
सातवा मजला वाचूनच पोटात गोळा आला. जात नंतर, जाळी आधी. आमची मनी चौथ्यावरून पडली, कबुतरामागे. मांजर पायावर पडतं हे खरं, पण मग हनुवटी आपटते. जबडा मोडला. नळीने भरवलं. वाचली, पण मला अजून बाल्कनीत उभं राहवत नाही.

शेवंती
@किनखाप, बाई गं. आता कशी आहे?

किनखाप
म्हातारी झालीय, खडूस झालीय, मऊ भात-चिकन खाते आणि सगळ्यांवर गुरगुरते. मस्त आहे.

पाटीलभाऊ
दादाने मेन कून म्हणून आणला. बोका सात-आठ किलोचा होतो म्हणाले. वर्ष झालं, साडेतीन किलोवर अडकलाय. वेट म्हणे पर्शियन क्रॉस असावा. खरा असता तर त्या जातीत हृदयाचा आजार असतो म्हणून दरवर्षी एको (हृदयाची सोनोग्राफी) करा म्हणाले असते, तो खर्च वाचला एवढंच. एसी मात्र मेन कूनच्या हिशेबाने चालू.

टवाळ
साडेतीन किलो? मेन कूनची हॅचबॅक.

गच्चीवरची गँग
गावठी घ्या. हे भावनेने नाही सांगत. आखूड केस, उकाडा सोसतात, लस आणि जंताचं औषध सोडलं तर खर्च खाण्याचा. तुमच्या घरात आठ वर्षांची मुलगी आणि दमा आहे, मग पिल्लू नकोच. वर्ष-दीड वर्षाची, ऑपरेशन झालेली भाटी बघा. पिल्लाचा स्वभाव कसा निघेल ही लॉटरी, मोठीचा समोर दिसतो. फॉस्टरवाल्यांकडे (घर मिळेपर्यंत मांजरं सांभाळतात ते) जाऊन सासूबाईंनी तासभर बसावं, तीच परीक्षा.
बोकाच हवा असेल तर पाच-सहा महिन्यांत ऑपरेशन करून टाका. एकदा सोफ्यावर फवारायला लागला की सोफा त्याचा.
तिरंगी दिसली तर ती जवळजवळ नक्की भाटी, नारिंगी असेल तर बहुतेक बोका. रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं म्हणून. आमच्याकडे नारिंगी आहे, अक्कल शून्य, पण मुलं शेपूट ओढतात तरी बिचारा ढिम्म.

सईची आई
गणपतीत गावाला जाता तेव्हा मांजराचं काय करता सगळे?

मृद्गंध
शेजारीण. बदल्यात तिच्या तुळशीला पाणी.

शेवंती
सगळ्यांना एकदम उत्तर देते. डॉक्टरांनी "मांजर बेडरूममध्ये नको, त्रास वाढला तर लगेच या" या अटीवर बघायला हरकत नाही म्हटलंय. सासूबाई काकूंकडे दोनदा बसून आल्या. छाती ठीक, पण म्हणाल्या, "हे केस कोण विंचरणार? माझे मलाच होत नाहीत." पर्शियन बाद. सयामी माझ्या मीटिंगांमुळे बाद. रविवारी कळव्याला एका फॉस्टर बाईंकडे काळी-पांढरी भाटी बघायला जातोय. पिल्लू नाही म्हणून लेकीने तोंड फुगवलंय, नवरा अजून माशांवरच अडलाय.
ठाण्यात जाळी लावणारा चांगला कुणी माहीत आहे का? कुरतडली जाणार नाही अशी हवी.

किनखाप
नायलॉनची घेऊ नका, तारेची घ्या. नंबर पाठवलाय.

बोक्याची मावशी
हा घ्या फोटो. लायन कटनंतरचा आहे, हसू नका.