मदत हवी आहे: ताण आहे हे दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं!

नमस्कार मंडळी. राहते बदलापूरला, ऑफिस लोअर परळला. जाऊन-येऊन साडेतीन-चार तास, त्यात मुलाची दहावी आणि सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन. तरी "मला कसला ताण?" म्हणत होते.

महिनाभर सकाळी उठलं की जबडा ठणकायचा. अक्कलदाढ असेल म्हणून दाखवायला गेले, तर डॉक्टर म्हणाले, झोपेत दात खाताय, दाढा झिजल्यात. रात्री दातांवर घालायला नाइट गार्ड (दातांचं कव्हर) दिलं आणि विचारलं, "ताण आहे का?" तेव्हा एकेक आठवायला लागलं. पहाटे तीनला टक्क जाग, डब्यावरून मुलावर ओरडणं, दादरच्या पुलावर उगाचच धडधड. (धडधडीसाठी ईसीजी काढला, नॉर्मल आहे.)

"योगा कर" सगळेच सांगतात. करू कधी? लोकलमध्ये तिघींच्या बाकावर कडेची चौथी सीट मिळाली तरी नशीब!

सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत, चोवीस तास, मराठीतही आहे, एवढं कळलंय. कुणी फोन केलाय का? नेमकं काय विचारतात? की सरळ समुपदेशकाकडे जावं? आणि उभ्याउभ्या, गर्दीत जमेल असं काही करता का तुम्ही?