अनाथ नायक-नायिकांच्या कादंबऱ्या : तुम्ही कुठे थांबलात?

आई-वडील नाहीत, जवळ पैसा नाही, तरी पाय रोवून उभी राहणारी मुलं किशोर कादंबऱ्यांत पदोपदी भेटतात. या धाग्यावर परीक्षणं नकोत. वाचता वाचता कुठे थांबलात आणि का, एवढंच सांगा. पुस्तक जुनं असो वा नवं, कुठल्याही भाषेतलं चालेल.

सुरुवात मी करते. 'जेन एअर' (१८४७). अनाथ मुलींच्या शाळेचा कारभारी ब्रॉकलहर्स्ट साधेपणावर उपदेश करतोय. एका मुलीचे केस मुळातच कुरळे आहेत, तेही कापून टाका म्हणतो. तेवढ्यात त्याची बायको आणि मुली आत येतात. अंगावर मखमल, रेशीम, फर; बायकोच्या कपाळावर तर विकतच्या कुरळ्या बटा! विषमतेवर कुणी शंभर पानं लिहिली असती तरी मला ती इतकी कळली नसती. लेखिका शार्लट ब्राँटीच्या दोन थोरल्या बहिणी, मारिया आणि एलिझाबेथ, अशाच एका शाळेत आजारी पडल्या आणि १८२५ साली गेल्या. हे कळल्यावर मी जेनच्या शाळेतल्या मैत्रिणीच्या, हेलन बर्न्सच्या मृत्यूचं प्रकरण पुन्हा काढून वाचलं.

खिडकीजवळचा

मी बालगृहात वाढलो, अठरा पूर्ण होईपर्यंत. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला वाटी पुढे करून आणखी मागणारा मुलगा सगळ्यांना माहीत असतो. पण मागायला जायचं कुणी, यासाठी मुलं आधी चिठ्ठ्या टाकतात आणि ऑलिव्हरची निघते, हे फार कुणाच्या लक्षात राहत नाही. तो शूर म्हणून पुढे होत नाही, त्याच्यावर पाळी येते. आमच्याकडेही वॉर्डनकडे काही मागायचं असलं की 'आज तू जा' असंच व्हायचं. जो जाई त्याच्या पोटात गोळा आणि बाकीचे दाराआड. लेखकाला हे नेमकं कसं ठाऊक, असं मला तेव्हा वाटलं होतं. पुढे वाचलं की १८२४ साली डिकन्सचे वडील कर्जापायी तुरुंगात होते आणि बारा वर्षांचा तो बूटपॉलिशच्या कारखान्यात लेबलं चिकटवत होता. मदत हवी तर गरिबांनी श्रमगृहात यावं, असं सांगणारा इंग्लंडातला गरिबांचा नवा कायदा १८३४ चा, कादंबरी १८३७ पासून हप्त्याहप्त्याने आलेली. म्हणजे वाचकांच्या डोळ्यांदेखत चाललेली गोष्ट.

माझा राग शेवटावर आहे. ऑलिव्हर चांगल्या घरचा निघतो, वारसा मिळतो. पण डिक? पळून जाताना ऑलिव्हरच्या गळ्यात हात टाकून ज्याने आशीर्वाद दिला, तो लहानगा डिक मरतो. ऑलिव्हर परत येतो तोवर उशीर झालेला असतो. आमच्यात ऑलिव्हर कुणी नव्हता, डिक मात्र होते.

पानखूण

मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. क्रिस्टोफर पॉल कर्टिस यांच्या 'बड, नॉट बडी'ला २००० साली न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतलं बालसाहित्याचं पारितोषिक, मिळालं. गोष्ट १९३६ ची, महामंदीतल्या अमेरिकेतली. बडजवळ एक सूटकेस आहे. तिच्यात घोंगडी, काही खडे, एका बँडची जाहिरातपत्रकं आणि आईचा लहानपणीचा फोटो. बस्स. एक मुलगी हे पुस्तक सारखं नेई. घर वारंवार बदलावं लागलेली मुलगी होती. गोष्टीबद्दल ती चकार शब्द काढत नसे, फक्त त्या सूटकेसमध्ये काय काय आहे ते क्रमाने सांगे. मग एकदा स्वतःच्या दप्तराचा आतला कप्पा उघडून दाखवला. त्यात काय होतं ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे.

परतफेड

मी शिष्यवृत्तीवर शिकले आणि देणगीदारांना नियमाने आभाराची पत्रं लिहिली. म्हणून 'डॅडी लाँग लेग्ज' (१९१२) जवळचं. जुडीला अनाथालयात मिळालेलं नाव थडग्यावरून उचललेलं, आडनाव टेलिफोनच्या पुस्तकातून. एका निनावी देणगीदाराच्या पैशावर कॉलेजात गेल्यावर मायकलअँजेलो म्हणजे कुणी देवदूत असेल असं तिला वाटतं आणि वर्ग हसतो. बाकीच्या मुलींनी लहानपणीच वाचलेली पुस्तकं ती गुपचूप विकत आणून रात्री वाचते. हे मी केलंय, अगदी असंच. पैशांची गरिबी भरून काढता येते, पण सगळ्यांना आधीपासून माहीत असलेलं आपल्यालाच माहीत नसणं फार दिवस सलत राहतं. जुडी जादा पाठवलेला चेक परत करते, ते पान मी वहीत उतरवून घेतलं होतं. शेवटी तिचं त्या देणगीदाराशीच लग्न होतं, ते मात्र माझ्या भाचीला मुळीच पटलं नाही. मलाही आता पटत नाही.

उशिरा आई

आमचा मुलगा शाळकरी वयात आमच्याकडे आला. 'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स' मी हसत हसत वाचून दाखवत होते. शेतीला मदत म्हणून अनाथालयातून मुलगा हवा होता, आली मुलगी, अ‍ॅन. आमचा मुलगा हसला नाही. त्याने विचारलं, "त्या रात्री तिला माहीत होतं का, ठेवणार की नाही ते?" नव्हतं माहीत. ती रडत झोपते. दुसऱ्या दिवशी तिला दुसऱ्या एका बाईकडे पाठवायचं घाटतं, तेही पोरं सांभाळायला. आधीच्या घरी तिने जुळ्यांच्या तीन जोड्या सांभाळलेल्या असतात! लहानपणी मला हे गमतीचं वाटलेलं. त्याला त्यात राबणारी पोर दिसली. वाचन तिथेच थांबवून आम्ही बराच वेळ बोललो, आणि त्याच्या पहिल्या रात्रीबद्दल तो पहिल्यांदा बोलला.

कोरी पाटी

मी सध्या अशीच एक कादंबरी लिहितेय, म्हणून सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. एक सारखं टोचतं. पुस्तकातलं अनाथ मूल बहुधा बोलकं, हुशार, लोभसवाणं असतं. जे घुम्यासारखं बसतं, वस्तू लपवतं, प्रेमाने जवळ घेतलं की चावतं, त्याच्यावर कुणी जीव लावायचा? माझी नायिका तशी आहे. खिडकीजवळचा, तुम्हाला विचारते : अठरा पूर्ण झाल्यावरचं प्रकरण मला जमत नाहीये. तिथे काय असायला हवं?

खिडकीजवळचा

निरोप समारंभ लिहू नका. खोली शोधणं लिहा. घरमालक विचारतो, घरी कोण असतं? फॉर्मवर कायमचा पत्ता लागतो, जामीन राहणारा लागतो, आजारी पडलं तर कुणाला फोन करायचा तो नंबर लागतो. मी त्या रकान्यात बालगृहातल्याच एका मित्राचा नंबर घातला होता, आणि त्याने त्याच्या फॉर्मवर माझा. नायिकेला असं एक तरी माणूस द्या, श्रीमंत नातेवाईक नको. आणि लिहून झालं की मला पाठवा, खोटं वाटेल तिथे खूण करून देईन.