कस्टडी / व्हिजिटेशनच्या ऑर्डरमधे बदल करून घेतलाय का? अनुभव लिहा

मुलगी तीन वर्षांची असताना आमचा म्युच्युअलने घटस्फोट झाला. कन्सेंट टर्म्समधे (दोघांनी सही केलेल्या अटींमधे) ताबा आईकडे आणि मी महिन्यातले दोन शनिवार, दोन-दोन तास भेटायचं असं ठरलं. आता ती चौथीत आहे, दोन तासांत मॉलमधे पिझ्झा खाण्यापलीकडे काही होत नाही, तिला माझ्या घरी राहायचंय. मित्र म्हणतात सही केलीस ना, मग विसर आता. ज्यांनी खरंच बदल करून घेतलाय त्यांनी लिहा, आया-बाबा दोघंही. एक्सला शिव्या नकोत, त्यासाठी वेगळा धागा काढा.

—

सही म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नाही हो. हिंदू विवाह कायद्याचं कलम 26 बघा, डिक्रीनंतरही (घटस्फोटाच्या हुकुमानंतरही) मुलांबद्दलची ऑर्डर बदलून मागता येते. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली लग्न केलेल्यांना त्या कायद्याचं कलम 38. सुप्रीम कोर्टाने 1973 सालीच रोझी जेकबच्या केसमधे सांगितलंय की ताब्याच्या ऑर्डरी कायमच्या नसतात, मुलाच्या हितासाठी बदलू शकतात. पण परिस्थिती काय बदलली ते दाखवावं लागतं, नुसतं 'मला वाटतं' चालत नाही. तुमच्याकडे मुलीचं वयच बदललंय. मी ओव्हरनाइट मागितला होता, थेट नाही मिळाला, आधी रविवारचा अख्खा दिवस, ते सुरळीत चाललं तेव्हा शनिवारची रात्र. समोरून 'से' (अर्जावरचं लेखी उत्तर) यायलाच कितीतरी तारखा गेल्या. आणि मे महिन्याची अर्धी सुट्टी हवी असेल तर मार्चमधेच अर्ज टाका, एप्रिलमधे सगळ्या बाबांची झुंबड उडते आणि मेमधे कोर्टालाच सुट्टी!

—

मी आई आहे, माझी उलटी केस. पुण्यातून बंगळुरूला बदली आली आणि ऑर्डरमधे तर दर रविवारी बाबाची भेट. वकीलबाईंनी बजावलं, आधी परवानगी मग पॅकिंग. बऱ्याच जणी आधी निघून जातात आणि मग मुलाला लपवलं म्हणून समोरचा अर्ज टाकतो. शाळेची अ‍ॅडमिशन, घर, तिथे राहणारी माझी बहीण, सगळं अ‍ॅफिडेव्हिटवर दिलं. जजसाहेब मुलाशी चेंबरमधे एकटेच बोलले, त्याने बराच वेळ सायकलचं सांगितलं म्हणे आणि मग म्हणाला की बाबांशी बोलताना आई शेजारी बसते ते नको. ते चक्क ऑर्डरमधे आलं. वाचताना माझा चेहरा पडला, पण कॉल आता मोकळे होतात त्याचे. रविवार गेले, त्याऐवजी दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतला मोठा वाटा बाबाकडे. व्हिडिओ कॉलला हलकं समजू नका, 2020 च्या यशिता साहू निकालात सुप्रीम कोर्टाने त्यावरही भर दिलाय.

—

नागपूर. आमच्याकडे ऑर्डर फर्स्ट क्लास, मुलगाच येत नाही. ताप आहे, परीक्षा आहे, मामाकडे गेलाय. मी भांडण न करता प्रत्येक वेळी ठरलेल्या जागी जाऊन तिथूनच मेसेज टाकत राहिलो, 'आलोय, वाट बघतोय'. तेच मेसेज अर्जाला जोडले. हुकलेली भेट पुढच्या आठवड्यात भरून द्यायची असं कोर्टाने ऑर्डरमधे घातलं. आणि कोणी कितीही चढवलं तरी पोटगी थांबवू नका, ती आणि भेट वेगळ्या गोष्टी आहेत, सगळ्यात आधी तुमचीच बाजू पडते.

—

आमचं भांडण न होता झालं. मुलगा चौदाचा, रविवारी क्लास आणि क्रिकेट, त्यामुळे जायला कुरकुर. बाबाला वाटलं मीच शिकवते. फॅमिली कोर्टातल्या काउन्सेलरबाईंनी तिघांना वेगवेगळं बसवून ऐकलं आणि रविवारऐवजी बुधवारी रात्रीचं जेवण बाबाकडे असं निघालं. दोघांनी सह्या करून पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) दिली, त्यावर ऑर्डर झाली.

—

धागाकर्ता: पुरसिसचं माहीतच नव्हतं. मुलीच्या आईला विचारायचं कसं पण? आमचं बोलणं 'निघालो' आणि 'पोचलो' एवढंच.

—

'लेकीच्या भेटीबद्दल काउन्सेलरकडे बसूया का, दिवस तू सांग', एवढंच लिहा. जुनं काही काढू नका आणि रात्री अकरानंतर पाठवू नका.