मदत हवी आहे: सोमवारी मरमर, बुधवारी रिकामं. पीजीचं हे टाइमटेबल सांभाळायचं कसं?

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. बॉटनीच्या पहिल्या सेमिस्टरला आहे. राहते कामठीला, कॉलेज पश्चिम नागपुरात (नाव राहू द्या). रोजचं अप-डाऊन असं: ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत शेअर ऑटो, तिथून मेट्रो, बर्डीला लाइन बदलायची, शंकरनगरला उतरून पुन्हा ऑटो. एका बाजूचा दीड तास धरा. त्याची सवय झाली, टाइमटेबलची काही होत नाही.

सोमवार नऊ ते साडेपाच, त्यात चार तासांचं प्रॅक्टिकल, डबा खायला अर्धा तास. मंगळवारी एकच लेक्चर, तेही चार वाजता. बुधवारी काहीच नाही. गुरुवारी साडेनऊ ते साडेअकरा, मग थेट तीनला पुढचं. शुक्रवार पुन्हा सोमवारसारखा. आणि शनिवारी सकाळी आठचं एक लेक्चर, ज्यासाठी साडेसहाला घर सोडावं लागतं.

बी.एस्सी.ला रोज सकाळी सात ते बारा होतं. दुपारी झोपा, संध्याकाळी वाचा, विषय संपला. आता सोमवारी घरी पोचते तोवर सात वाजतात, आणि दारात दहावीच्या दोन मुली वह्या घेऊन उभ्या. सोम-बुध-शुक्र माझ्याकडे शिकायला येतात, त्यातूनच माझा पास आणि झेरॉक्स निघते. जर्नल साडेनऊला उघडते आणि दहाला त्याच्यावरच झोपते.

सगळ्यात वाईट दिवस मात्र मंगळवार. चारचं लेक्चर म्हणजे अडीचला निघायचं. 'आता निघायचंच आहे' म्हणत सकाळपासून धड पुस्तक उघडत नाही, धड आरामही नाही. बुधवारची गत वेगळी. आई म्हणते, "आज सुट्टीच आहे नं तुला?" मग दळण, बँक, आजीला डॉक्टरकडे नेणं. तिचं चुकत नाही, मी खरंच घरी दिसते.

शनिवार सोडून दिला तर चालेल का? आणि मंगळवार-बुधवारचं काय करू?

धापेवाड्याचा: बाप्पा, आमचंही असंच होतं! मी एकच केलं, मंगळवारी लेक्चर चारचं असलं तरी घर सोमवारच्याच वेळेला सोडायचं. साडेनऊला लायब्ररीत, दीडपर्यंत सोमवारच्या नोट्स आणि जर्नल, मग डबा, मग चारचं लेक्चर. घरी बसून वाट पाहण्यापेक्षा तिथं बसून कंटाळलेलं बरं, कंटाळा आला की माणूस वाचतो तरी. मेट्रोत वाचता येतं म्हणतात, मला कधी जमलं नाही. खिडकीतून शहरच पाहत बसायचो.

खडू_आणि_डस्टर: मी शिकवते, म्हणून हिशेबानं सांगते. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३०. म्हणून चार क्रेडिटची थिअरी ६० तासांची आणि दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकलही ६० तासांचंच. प्रॅक्टिकलचे चार तास सलग लागतात, लॅब एक आणि बॅचेस दोन-तीन. एकदा लॅबचे दिवस ठरले की लेक्चरं उरलेल्या फटीत बसवावी लागतात. तुमच्यावर कोणी राग काढलेला नाही.

आता शनिवार. त्या पेपरची आठवड्याला चार लेक्चरं, १५ आठवडे, एकूण ६०. हजेरी ७५ टक्के म्हणजे ४५ हवीत. सगळे शनिवार सोडले तर १५ गेले, बरोबर काठावर. मग एकदा ताप आला, एकदा ऑटोवाल्यांचा बंद झाला की संपलं. चार-पाच शनिवार गाठीला ठेवा, ते आजारपणासाठी. हजेरी पेपरनिहाय धरतात की एकूण, हे ऑफिसात विचारून घ्या, मैत्रिणीला नव्हे.

धापेवाड्याचा: मॅडम, काठावरचा मी होतो. शेवटच्या महिन्यात अर्ज लिहून लिहून हात दुखले.

कढी_गोळे: मी लग्नानंतर एम.ए. केलं, म्हणून तुझ्या आईच्या बाजूनं बोलते. टाइमटेबल तुझ्या मोबाइलमध्ये आहे, तिला कुठून दिसणार? कागदावर मोठं लिहून फ्रिजवर लाव. बुधवारच्या चौकोनात 'घरी अभ्यास ९ ते १' असं लिही, लेक्चरं लिहितेस तसंच. दुपारनंतरची कामं मात्र मनापासून कर, आजीला दुपारचीच वेळ घे. आणि हो, सोमवारची शिकवणी मंगळवारी का नाही नेत? पाचला सुटलीस तरी साडेसहाला घरी पोचशील, तेही न थकता.

(धागाकर्ती): सगळ्यांचे आभार. शिकवणीचं खरंच सुचलं नव्हतं! मुलींच्या आयांना विचारलं, मंगळवार साडेसात त्यांना चालतोय. शुक्रवारचं अजून अडलंय, एकीचा शनिवारी क्लास असतो.

कागद लावला. आईनं वाचून विचारलं, "गुरुवारी साडेअकरा ते तीन काय करतेस मग?" खरं सांगायचं तर कॅन्टीनमध्ये तर्री-पोहे आणि गप्पा. तिला 'लायब्ररी' सांगितलं, म्हणजे आता जावंच लागेल.

शनिवार सोडत नाही. पण नऊला सुटून लगेच परत फिरायचं जिवावर येतं. शंकरनगर-धरमपेठ भागात नऊ ते दुपारपर्यंत बसता येईल अशी, रोजच्या हिशेबानं पैसे घेणारी अभ्यासिका कोणाला माहीत आहे का? महिन्याचे पैसे भरून चार शनिवारच बसणं परवडत नाही.