विषय: दोनबासचा ‘नरसंहार’ आणि तो फॉरवर्ड

मंडळी, नमस्कार.
लिस्टवर फिरणाऱ्या फॉरवर्डमध्ये म्हटलं आहे की युक्रेनने दोनबासमध्ये (पूर्व युक्रेनचे दोनेत्स्क आणि लुहान्स्क प्रांत) आठ वर्षं रशियन भाषकांचा नरसंहार केला, १४ हजार माणसं मारली, म्हणून २०२२ मध्ये रशियाला सैन्य घालावं लागलं. सोबत रशियाधार्जिण्या भागावर हल्ला झाल्याची क्लिपही आहे. काका, तुम्ही आकड्यांनिशी लिहाल का?

उत्तर १

ताई,
१४ हजार हा आकडा खरा आहे, आणि म्हणूनच ही थाप खपते. खोटं आहे ते त्याला चिकटवलेलं वाक्य. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाचा अंदाज १४,२०० ते १४,४०० असा आहे. एप्रिल २०१४ ते डिसेंबर २०२१, दोन्ही बाजू धरून. त्यात सुमारे ४,४०० युक्रेनचे सैनिक, सुमारे ६,५०० रशियाधार्जिण्या फुटीरतावादी गटांचे लढवय्ये आणि किमान ३,४०४ नागरिक. म्हणजे ‘युक्रेनने मारलेल्यां’मध्ये युक्रेनचेच सैनिक मोजले आहेत. नागरिकांमध्ये २०१४ मध्ये पाडलेल्या एमएच-१७ या मलेशियाच्या प्रवासी विमानातले २९८ जणही आहेत. ते विमान रशियातून आणलेल्या बुक क्षेपणास्त्राने पाडलं, असा नेदरलँड्सच्या न्यायालयाचा २०२२ चा निकाल आहे.

आता हेच ३,४०४ वर्षवार मांडा: २०१४ मध्ये २,०८४, मग ९५५, ११२, ११७, ५८, २७, २६ आणि २०२१ मध्ये २५. हे नागरिक ताबारेषेच्या (युक्रेनच्या आणि फुटीरतावाद्यांच्या ताब्यातल्या भागांमधली रेषा) दोन्ही बाजूंना मेले, तोफांनी आणि सुरुंगांनीही. युक्रेनच्या माऱ्यात सामान्य माणसं गेली, हे नाकारू नका. नाकारलंत तर पुढचं कोणी ऐकणार नाही. पण तातडीने सैन्य घालून थांबवावा असा नरसंहार चालू असता, तर आकडा २५ वर आला नसता. १६ मार्च २०२२ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही नरसंहाराच्या आरोपाला आधार देणारा पुरावा समोर आला नसल्याचं नोंदवलं आणि १३ विरुद्ध २ मतांनी रशियाला लष्करी कारवाई थांबवायला सांगितलं.

उत्तर २

क्लिपबद्दल लिहितो. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत तपासायला निरुपयोगी. पाठवताना फाइल दाबली जाते आणि मेटाडेटा (फाइलमध्ये दडलेली तारीख-वेळेसारखी माहिती) गळतो. मूळ टेलिग्राम चॅनल शोधून तिथली फाइल उतरवा, ती एक्झिफटूल या मेटाडेटा दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा आणि ‘क्रिएट डेट’ पाहा. ही वेळ बहुधा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, स्थानिक वेळेत नाही, त्यामुळे दोन-तीन तासांच्या फरकावरून काही ठरवू नका. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असू शकतं, तारीख मुद्दाम बदलताही येते. तेव्हा तारीख हा एकटा पुरावा धरायचा नाही.

१८ फेब्रुवारी २०२२ ला दोनेत्स्कचे फुटीरतावादी नेते पुशिलिन यांनी, युक्रेन हल्ला करणार म्हणून लोकांना हलवतो आहोत, असं एका व्हिडिओत ‘आज’ म्हणत जाहीर केलं. त्या व्हिडिओची फाइल १६ तारखेची निघाली. लुहान्स्कचे फुटीरतावादी नेते पासेच्निक यांच्या तशाच व्हिडिओचीही १६ चीच. दोन वेगळ्या माणसांच्या दोन्ही फाइली नेमक्या दोन दिवस मागे असाव्यात, याला बिघडलेलं घड्याळ हे उत्तर पुरत नाही. त्याच सुमाराची, फुटीरतावाद्यांच्या भागात ‘पोलिश बोलणारे घातपाती’ शिरल्याचं दाखवणारी क्लिप ८ फेब्रुवारीची होती, आणि तिच्यातले स्फोटांचे आवाज २०१० मध्ये यूट्यूबवर आलेल्या फिनलंडच्या लष्करी सरावाच्या व्हिडिओतले. म्हणून आवाजही वेगळा काढून ताडून पाहायचा. बहुतेक जण चित्रावरच थांबतात.

उत्तर ३

दोघांचे आभार. फॉरवर्डमध्ये नाटोचा (अमेरिका आणि युरोपीय देशांचा लष्करी गट) मुद्दा आहे, की युक्रेन त्यात जाणार म्हणून रशियाला हल्ला करावा लागला, आणि ‘युक्रेन हा देशच नव्हे’ असंही म्हटलं आहे. त्याचं काय?

उत्तर ४

नाटोचं थोडक्यात. २०१० च्या कायद्याने युक्रेन कोणत्याही लष्करी गटात नव्हता. रशियाने युक्रेनचा क्रिमिया हा द्वीपकल्प घेतला तेव्हा, मार्च २०१४ मध्ये, तोच कायदा लागू होता. तो डिसेंबर २०१४ मध्ये, म्हणजे क्रिमिया गेल्यावर बदलला. फिनलंड २०२३ मध्ये नाटोत गेला, रशियाशी सुमारे १,३४० किमीची सीमा असूनही. तिथे रशियाने सैन्य घातलं नाही.

देश नसण्याबद्दल: १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याला होकार दिला. दोनेत्स्क आणि लुहान्स्क या दोन्ही प्रांतांत तो ८३ टक्क्यांवर होता, क्रिमियात ५४ टक्के. १९९४ मध्ये बुडापेस्टला रशियानेच युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याची लेखी हमी दिली, तीही युक्रेनने अण्वस्त्रं सोडण्याच्या बदल्यात. २००३ च्या सीमा करारावर तर पुतिन यांची स्वतःची सही आहे.

ताई, उत्तर पाठवताना ती क्लिप पुन्हा जोडू नका. वर्षवार आकडे मात्र सगळेच्या सगळे टाका. २०१४ चा मोठा आकडा वगळला, तर समोरचा तोच पुढे करेल.