मदत हवी आहे : बोट उचललं तरी 'अधिक'चं बटण आकडा वाढवतच राहतं (फ्लटर)

मामाचा वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला गाळा आहे. गाडी खाली होताना गोण्यांचा हिशेब तो वहीत चार उभ्या, एक आडवी अशा रेघा मारून ठेवतो. त्याच्यासाठी फ्लटर या अ‍ॅप बनवायच्या साधनात छोटं अ‍ॅप करतोय. (मी कॉमर्सवाला, व्हिडिओ बघून शिकलोय, सांभाळून घ्या.)

प्रत्येक मालाची एक ओळ, ओळीत वजा आणि अधिक अशी दोन बटणं. एकेक गोणी मोजायला टॅप बरा, पण थप्पी लागली की एकदम पन्नास-साठ वाढवायच्या असतात. तेव्हा बटण दाबून धरलं की आकडा पळायला हवा. आधी ऑनलाँगप्रेस (बटण दाबून धरल्यावर चालणारा कोड) लावलं, तर अर्ध्या सेकंदाने एकदाच वाढतो आणि गप्प. मग ऑनटॅपडाउनमध्ये (बोट टेकताच) दर १०० मिलिसेकंदांनी आकडा वाढवणारा टायमर.पिरिऑडिक सुरू केला, ऑनटॅपअपमध्ये (बोट उचलताच) कॅन्सल. घरी घणसोलीत इम्युलेटरवर (कॉम्प्युटरवरचा नकली फोन) झकास चाललं.

परवा पहाटे मामाने गाळ्यावर वापरलं. गोण्या २१२, अ‍ॅपमध्ये ३४०! बोट उचलल्यावरही आकडा पळत होता आणि मामा फोन खिशात टाकून मोकळा. दर वेळी होत नाही, माझ्या हातात तर एकदाही नाही. त्याच्या स्क्रीनगार्डला तडा गेलाय, त्यामुळे असेल का?

नौपाड्याचा : स्क्रीनगार्ड बिचारा निर्दोष आहे. ओळी लिस्टव्ह्यूमध्ये (वर-खाली सरकणारी यादी) आहेत ना? मामांचं बोट दाबता दाबता वर-खाली सरकत असणार. १८ लॉजिकल पिक्सेलपेक्षा (फ्लटरचं स्क्रीनवरचं अंतराचं माप) जास्त सरकलं की फ्लटर त्याला टॅप मानत नाही. मग ऑनटॅपअप येतच नाही, ऑनटॅपकॅन्सल येतो. तो तुम्ही लिहिलेला नाही, तर टायमर थांबवणार कोण? इम्युलेटरवर माउस जागचा हलत नाही, म्हणून तुम्हाला दिसलं नाही.

धागाकर्ता : लिस्टव्ह्यूच आहे! ऑनटॅपकॅन्सलमध्येही कॅन्सल टाकलं. आता पळत सुटत नाही, पण बोट जरा हललं की मोजणी मधेच तुटते. मामा म्हणतो, "आधी थांबत नव्हतं, आता चालत नाही."

ऐरोलीकर : एका गोणीसाठी ऑनटॅप ठेवा, टायमर ऑनलाँगप्रेसस्टार्टमध्ये सुरू करा. लाँगप्रेस एकदा लागला की लिस्ट सरकत नाही, बोट हललं तरी हरकत नाही. थांबवायला मात्र बटणाभोवती लिसनर (बोटाचा स्पर्श नुसता टिपणारा घटक) गुंडाळा आणि ऑनपॉइंटरअप, ऑनपॉइंटरकॅन्सल या दोन्हींत टायमर बंद करा. लिसनर टॅप-स्क्रोलच्या भांडणात पडत नाही, बोट उचललं की त्याला कळतंच. डिस्पोजमध्येही (पान बंद होताना चालणारा कोड) कॅन्सल हवं, नाहीतर पान बंद केल्यावर सेटस्टेटची (स्क्रीनवरचा आकडा बदलायची आज्ञा) एरर येईल.

आणि १०० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला १० गोण्या. त्या वेगात नेमक्या ५७ वर कोण थांबणार? २०० करून बघा.

धागाकर्ता : जमलं! मुद्दाम बोट घासून, तिरकं फिरवून पाहिलं, उचललं की थांबतं. वेग २०० ठेवलाय. मामाने दोन मिनिटं वापरून फोन परत दिला. म्हणाला, "धरून बसायला वेळ कुणाला आहे? दहाचं एक बटण दे." तेही टाकतोय.