दादा, रस्सा फुटला! चुलीवरून जुळलेल्या ऑनलाइन मैत्र्या: अनुभव लिहा

खर्डा (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

परवा रंकाळ्यावर फिरताना एका मैत्रिणीनं विचारलं, तुझी आणि त्या ठाणेवालीची ओळख कुठली? नातं ना गोतं. मी म्हटलं, रस्सा फुटला त्यातली. तिला काही कळेना, म्हणून हा धागा काढतोय.

2008 सालची गोष्ट. ऑर्कुटवर स्वयंपाकाच्या एका कम्युनिटीत मी पांढऱ्या रश्शाची कृती टाकलेली. मटण हळद न घालता शिजवायचं, अळणी पाणी बाजूला काढायचं, त्यात काजू-तीळ-खसखशीचं वाटण आणि शेवटी नारळाचं दूध. तिसऱ्या दिवशी ठाण्याहून निरोप: "दादा, रस्सा फुटला. पाहुणे दारात आहेत." उकळत्या रश्शात तिनं दाट दूध भस्सकन ओतलेलं. मी लिहिलं, गॅस बंद कर, राहिलेल्या दुधात आधी पळीपळीनं गार रस्सा घाल, मग ते भांड्यात सोड, पुन्हा उकळी आणू नको. फुटलेला काही सुधारत नाही, पण पाहुण्यांपुढं ठेवण्याइतका झाला म्हणे.

मग रोजचंच झालं. "दादा, चटणी दोन चमचे म्हणजे कुठली, हिरवी का खोबऱ्याची?" आता आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण चटणी, वर्षभराची, डब्यात भरलेली. ज्याला बाकी जग तिखट, मसाला काय काय म्हणतं, ते. हे तिला समजवायला मला दोन दिवस लागले.

वर्षभरानं तिनं पहिल्यांदा फोन केला. मी उचलला. "दादा आहेत का घरी?"

"कुठले दादा?"

"अहो, ते रस्सा शिकवतात ते."

तेव्हा उजेड पडला. कोल्हापुरात आम्ही बायका "मी आलो", "मी जातो", "मी भाजी टाकतो" असंच बोलतो. तसंच लिहीत होतो. बाईनं वर्षभर मला पुरुष धरलेलं, आणि तिच्या सासूला "सुनेला रोज विचारणारा हा बाप्या कोण" म्हणून घोर लागलेला! मी तिचं "दादा" आपलं लाडाचं समजत होतो.

30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट बंद पडलं, पण नंबर आधीच घेतलेला. ती अजून मला दादाच म्हणते.

तर लिहा. कृती नकोत, माणसं लिहा. कृती आलीच मधे तर चालेल.

दुसरी_पाळी

माझं छोटंच आहे. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फौंड्रीत आहे. रूमवर एकटा राहतो, हातानं करून खातो. एका ग्रुपवर रात्री दीडला तवा-पिठल्याचा फोटो टाकला की एकच माणूस जागा असायचा. "कांदा जास्त भाजलास", "आज पीठ पेरलंस का कालवलंस?" दीड वर्ष असं चाललं. एकदा त्यानं डब्याचा फोटो टाकला. मागं आमच्याच कॅन्टीनचा फुटका बेसिन. तो पलीकडच्या शेडमध्ये, मोल्डिंगला. रोज एकाच नळावर हात धुत होतो.

आता बोलणं कमी झालंय खरं सांगायचं तर. समोरासमोर काय बोलणार.

परदेशी_पाव्हणा

मूळ इचलकरंजी, सध्या श्टुटगार्ट. 2021 च्या हिवाळ्यात इथल्या भारतीय दुकानात ज्वारीचं पीठ मिळालं आणि मी हवेत गेलो. भाकरी थापली. तव्यापर्यंत पोहोचेस्तोवर तिचे तीन तालुके झाले. फोटो टाकून विचारलं, ही भाकरी आहे की नकाशा? पन्नास जणांनी हसायच्या बाहुल्या टाकल्या. एका काकूंनी तेवढं लिहिलं, "पिठाची विरी गेलीया. आधणाच्या पाण्यात मळ."

काकू गडहिंग्लज भागातल्या, शाळेतून निवृत्त. पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉल. माझे सकाळचे नऊ, त्यांचे दुपारचे दीड. जेवून, भांडी घासून बसायच्या. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवायचो, त्यांना फक्त परात दिसायची. पिठात आळं करायचं, उकळतं पाणी ओतायचं, उलथन्यानं हलवायचं, हात पोळेल इतपत गरम असतानाच मळायला घ्यायचं. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, जे काय धरून ठेवायचं ते ह्या उकडीनं आणि मळण्यानं. मी दोन मिनिटं मळून थांबलो की फोनमधून आवाज: "झालं व्हय? आजून कणकीचा घाम न्हाई निघाला." थापताना कड फाटली की "वल्ला हात फिरीव कडंनं." तव्यावर टाकल्यावर वरून पाणी लावायचं आणि ते सुकायच्या आत उलथायची. उशीर झाला की भेगा. सातव्या रविवारी फुगली. काकू काही बोलल्या नाहीत, पदरानं चष्मा पुसून म्हणाल्या, "खाली उतर की आता, करपंल."

2023 च्या मे महिन्यात सुट्टीला आलो तेव्हा थेट त्यांच्या घरी गेलो. वाटेत एसटीत डोक्यात एकच चित्र: चूल, भाकरी, वर लोण्याचा गोळा. पानात आलं काय? पुऱ्या, श्रीखंड, बटाट्याची सुकी भाजी. मी म्हटलं, काकू, भाकरी? तर त्या खरोखर रागावल्या. "पयल्यांदा घरी आलेल्या पाव्हण्याला भाकरी वाढू? गल्लीतली मान्सं काय म्हनतील?" पाच पुऱ्या खाल्ल्या मुकाट्यानं. निघताना मात्र बिडाचा तवा दिला, जुना, वापरून गुळगुळीत झालेला. विमानतळावर बॅग 23 किलोच्या वर गेली, बूट काढून पायात घातले आणि पायातल्या चपला कचऱ्यात टाकल्या. कोल्हापुरी नव्हत्या, नाहीतर तवा ठेवावा लागला असता.

बिनकांद्याची (जयसिंगपूर)

आम्ही जैन. कांदा-लसूण नाही, बटाटाही नाही. माझी जीवाची मैत्रीण कसबा बावड्यातली, रविवारी दोन किलो मटण शिजवणारी. आमची ओळख पांढऱ्या रश्शावरूनच, पण फ्लॉवर आणि मटाराच्या. वाटण तेच, तमालपत्र-दालचिनी-वेलदोडे तेच, लसणाऐवजी थोडा हिंग आणि पांढरी मिरी. आल्याऐवजी सुंठ. तिनं करून बघितला आणि लिहिलं, "मटणाची आठवण झाली नाही असं म्हणणार नाही, पण वाटी चाटली." खोटं बोलत नाही, म्हणून टिकली. चातुर्मासात मला ती मटणाचे फोटो पाठवत नाही. मी कधी सांगितलेलं नाही तसं.

तवा_ठेवलाय

शाहूपुरीत राहतो, दुसरा मजला. ऑगस्ट 2019.

पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. कोल्हापूरकराला हा आकडा पाठ असतो, पावसाळ्यात सकाळी चहाआधी बंधाऱ्याची पातळी बघायची सवय. त्या वेळी पाणी 55 फुटांवर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, बाहेरून ना पेट्रोल ना गॅस. कुंभार गल्लीत तर गणपतीच्या मूर्ती होत्या तयार. त्याचं लिहीत नाही.

आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, चाळीस-एक माणसं. काम एकच, दुपारी ताटाचे फोटो टाकायचे आणि एकमेकांच्या आमटीला नावं ठेवायची. कोणी कोणाला पाहिलेलं नव्हतं. त्यात एक बाई कळंब्याच्या, सगळ्यात भांडकुदळ. माझ्या आक्खा मसूरला "ही डाळ आहे, मसूर नव्हे" म्हणालेल्या, त्यावरून आठ दिवस बोलणं बंद होतं. पाणी चढलं त्या रात्री त्यांचा मेसेज: "तुमच्याकडं वीज आहे का? माणसं किती?" एवढंच.

सकाळी ग्रुपचा नूर पालटलेला. कोणाकडं किती पीठ, किती सिलिंडर, कोणाच्या घरी मोठी कायली. शहराच्या वरच्या भागातल्या लोकांनी भाकऱ्या बडवायला घेतल्या. कळंब्याच्या बाईंचा हुकूम: भात पाठवायचा नाही, दमट हवेत संध्याकाळपर्यंत आंबतो. आमटी तर नाहीच. भाकरी कडक भाजायची, सोबत खर्डा आणि शेंगदाण्याची चटणी, कागदात बांधून. हे दोन दिवस टिकतं. मदत पाठवणाऱ्यांना हे सुचत नाही, मग बिस्किटांचे डोंगर साचतात आणि पोरं तिसऱ्या दिवशी बिस्किट बघून रडायला लागतात. होडीतून आमच्या जिन्यापर्यंत जे पुडकं आलं, त्यात खालच्या बाजूला एक स्टीलचा डबा होता. आक्खा मसूर. वर चिठ्ठी: "ह्याला म्हणतात. आजच खा."

चांगला होता. तेव्हा कबूल केलं नव्हतं.

डंक

सगळे गोडच लिहितायत म्हणून माझं कडूही असू द्या.

मी उन्हाळ्यात ऑर्डरप्रमाणे चटणी करून देते. एप्रिल-मे दोन महिने डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीवर, नंबर लावून बसायचं, शिंका देत. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये एका बाईंशी ओळख झाली, दुसऱ्या जिल्ह्यातल्या. रोज बोलायच्या. माझ्या मुलाच्या परीक्षेची तारीख त्यांना माहीत, त्यांच्या नवऱ्याची शुगर मला. हळूहळू चटणीचं निघालं. रंगासाठी ब्याडगी किती, झणक्यासाठी लवंगी किती. मी सांगत गेले. आमच्या घरचं प्रमाण किलो मिरचीला पाव किलो खोबरं, पाव किलो लसूण, अर्धा किलो कांदा. धणे, जिरे, तीळ, खसखस आणि खडा मसाला वेगळा. सासूबाई ऐकत असायच्या आणि नुसत्या बघायच्या.

पुढच्या वर्षी त्यांची जाहिरात दिसली. "पिढीजात अस्सल कोल्हापुरी." फोटो माझा. माझ्या ताटलीचा टवका उडालेला कडेचा भाग तेवढा कापलेला. मी विचारलं, तर म्हणाल्या, चटणी काय कोणाच्या बापाची असते का? खरंय, नसते. पण ताटली माझी होती.

एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. कांदा उन्हात वाळवून मग तेलात तांबूस कुरकुरीत तळावा लागतो. ओल राहिली तर महिन्या-दोन महिन्यांत चटणीला वास येतो, बुरशी धरते. हे सांगायचं माझ्याकडून राहिलेलं, मुद्दाम नव्हे. त्यांच्या पाकिटाच्या फोटोत कांदा मऊ दिसत होता, लगेच कळलं मला. फोन हातात होता. नाही सांगितलं.

खर्डा

डंक, मी असतो तर मीबी सांगितलं नसतं.

गोदाकाठ (नाशिक)

मी कोल्हापूरची नाही, लिहू का असा विचार करत दोन दिवस गेले.

उत्तरेश्वर पेठेतल्या एक आजी माझ्या मैत्रीण होत्या. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठ्या, तरी "ए, आजी म्हणू नको" म्हणून दम दिलेला. सहा वर्षं रोज सकाळी एकच प्रश्न, "आज काय?" मी "मेथी" लिहिलं की त्या "डाळ घालून का सुकी?" बाकी फारसं बोललो नाही आम्ही. त्यांना किती मुलं, मला आजही नक्की माहीत नाही. गुरुवारी उपास असतो, खोबरं जळेपर्यंत भाजतात, कोथिंबिरीच्या काड्या टाकत नाहीत, हे माहीत.

गेल्या दिवाळीत "आज काय?" आलं नाही. चार दिवसांनी मुलाच्या नावानं दोन ओळींचा निरोप आला, मी "भावपूर्ण" वगैरे लिहिलं आणि फोन पालथा ठेवला.

होळीच्या आदल्या दिवशी त्याच नंबरवरून मेसेज. त्यांची सून. "तुम्ही आईंशी स्वयंपाकाचंच बोलायचात ना? येळवणीच्या आमटीचं प्रमाण तुमच्याकडे असेल का? त्यांनी घरात कुठंच लिहून ठेवलेलं नाही. आम्ही कधी विचारलं नाही, त्या करायच्याच."

पुरणाची डाळ शिजवून निथळलेलं पाणी म्हणजे येळवणी, तिची आमटी. आम्ही कटाची म्हणतो. शोधायला बसले. सहा वर्षांचं संभाषण, त्यात "येळवणी" टाइप केलं तर काही नाही, कारण त्या लिहायच्या कमी, बोलून पाठवायच्या जास्त. मग होळीच्या तारखा काढल्या आणि दरवर्षीच्या त्या दिवसाचे आवाज एकेक ऐकले. दुसऱ्या वर्षीच्यात सापडलं. "तांब्याभर येळवणी, त्यात लिंबाएवढं पुरण कालवायचं, चिचंचं पाणी, चटणी दोन चमचे घाल, भिऊ नको, गूळ असतोय त्यात. वाटणाला खोबरं भाजलेलं आणि कांदा चुलीत... तुझ्याकडं चूल कुठली, गॅसवर भाज. आणि फोडणीत... थांब, थांब, दूध चाललं वर."

तिथे संपतं. फोडणीत काय ते नाही. तसंच पाठवलं सुनेला.

रात्री तिचं उत्तर आलं, "फोडणीत कढीपत्ता आणि ठेचलेला लसूण असायचा, वासावरून आठवलं. मुलांनी ओळखलं."

आता कधी कधी सकाळी सूनच विचारते, आज काय.

दुसरी_पाळी

ताई, त्या आमटीचं प्रमाण इथं नीट लिहून टाकाल का? पलीकडच्या शेडवाल्याला दाखवतो.

गोदाकाठ

टाकतो.